गर्भजल परीक्षा : एका शब्दाचा इतिहास

डोहाळेजेवणात गर्भवतीसमोर दोन झाकलेल्या वाट्या ठेवण्याची पद्धत आपल्याकडे अजूनही आहे. एकीत पेढा, दुसरीत बर्फी. तिने झाकण उचलले आणि पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. हा नुसता खेळ आहे असे सगळेच म्हणतात. तरीही पेढा निघाल्यावर उठणारा गलका आणि बर्फी निघाल्यावर कोणीतरी लगबगीने म्हटलेले 'पहिली बेटी धनाची पेटी' यांत फरक असतोच. पहिल्या प्रसंगी कोणाला कसले सांत्वन करावे लागत नाही.

ऐंशीच्या दशकात 'गर्भजल परीक्षा' हा शब्द मराठी वर्तमानपत्रांतून आणि जाहिरातींतून घराघरांत पोचला, तेव्हा त्याचा अर्थ या वाट्यांनी आधीच ठरवून ठेवला होता. शब्दात लिंगाचा उल्लेख नाही. गर्भाभोवतीचे पाणी आणि त्याची तपासणी, एवढाच त्याचा सरळ अर्थ. पण तो शब्द ऐकणाऱ्या बहुतेकांनी 'मुलगा की मुलगी' हाच प्रश्न ऐकला. आनुवंशिक आजार, गुणसूत्रांतील बिघाड, पुन्हा पुन्हा होणारे गर्भपात, एक अपंग मूल असताना दुसऱ्याचा विचार करणारे आईबाप, हे सारे त्या शब्दाच्या अर्थातून जवळजवळ गळून पडले.

या घटनेची आपल्याकडे रूढ झालेली कथा अशी : विज्ञानाने एक चांगले साधन दिले, ते रोगनिदानासाठी होते, आपल्या समाजाने त्याचा गैरवापर केला. ही कथा खोटी नाही, पण ती अपुरी आहे. तारखा क्रमाने मांडल्या तर वेगळेच काहीतरी दिसते, आणि ते पाहणे भाषेच्या आणि साहित्याच्या अभ्यासकांनाही उपयोगाचे आहे, कारण या इतिहासात शब्दांनी बरेच काही केले आहे.

*

'क्रोमोसोम' हा शब्द जर्मन शरीरशास्त्रज्ञ वाल्डायर यांनी १८८८ मध्ये रूढ केला. रंगद्रव्य लावले की सूक्ष्मदर्शकाखाली ठळक दिसणारे ते 'रंगीत काय', एवढाच त्याचा मूळ अर्थ. मराठीत त्याला दोन प्रतिशब्द मिळाले, रंगसूत्र आणि गुणसूत्र. पहिला मुळाशी प्रामाणिक होता, तर दुसऱ्याने पुढे लागलेल्या शोधाचा अर्थ उचलला. टिकला तो दुसरा. 'गुण' शब्दाबरोबर त्याचे सारे मराठी सहोदरही आले : गुण उधळणे, गुणदोष, परीक्षेतले गुण. एका निर्विकार वस्तूच्या नावात आपण न कळत मूल्यमापन घालून ठेवले.

माणसाच्या पेशीत गुणसूत्रे किती, या साध्या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चुकीचे शिकवले जात होते. थिओफिलस पेंटर यांच्या १९२३ च्या निबंधापासून ४८ हा आकडा पक्का मानला गेला होता, आणि पुढचे संशोधक ४८ च मोजत राहिले. १९५२ मध्ये टी. सी. श्यू यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत चुकून पातळ झालेल्या द्रावणात पेशी फुगल्या, गुणसूत्रे एकमेकांपासून सुटी झाली आणि मोजणी शक्य झाली. मग डिसेंबर १९५५ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे ज्यो हिन त्जिओ यांना ४६ गुणसूत्रे दिसली. आल्बर्ट लेवान यांच्यासह त्यांनी ते १९५६ मध्ये प्रसिद्ध केले. त्या पेशी मानवी गर्भांच्या फुप्फुसांतून घेतलेल्या होत्या. म्हणजे माणसाची गुणसूत्रसंख्या माणसाला कळली ती जन्मापर्यंत न पोचलेल्या गर्भांवरून.

त्याच १९५६ साली कोपनहेगनमध्ये फ्रिट्झ फुक्स आणि पोव्ल रीस या दोन डॉक्टरांनी गर्भजलातील पेशींवरून गर्भाचे लिंग ओळखता येते, असे 'नेचर' या नियतकालिकात जाहीर केले. त्यांना गुणसूत्रे मोजावी लागली नाहीत. कॅनडातील मरे बार आणि युअर्ट बर्ट्रम यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले होते की मादीच्या पेशीकेंद्रात एक गडद ठिपका दिसतो, नराच्या दिसत नाही. गर्भजलात गर्भाच्या झडलेल्या पेशी तरंगत असतात. त्यांत ठिपका शोधला की काम झाले. जेरुसलेममध्ये आणि अमेरिकेतही याच सुमारास हेच काम चालू होते.

फुक्स आणि रीस यांना मुलगा-मुलगी ओळखायचे होते ते हिमोफिलियासाठी. रक्त न गोठण्याचा हा आजार आईकडून मुलग्यांकडे जातो. वाहक स्त्रीच्या मुलग्यांपैकी निम्म्यांना तो होण्याची शक्यता असते, मुलींना सहसा होत नाही. गर्भाला आजार आहे की नाही हे तेव्हा कळण्याचा मार्ग नव्हता. कळत होते ते फक्त लिंग. डेन्मार्कच्या कायद्यात आनुवंशिक कारणासाठी गर्भपाताची तरतूद होती, तेव्हा मुलगी असेल तर गर्भ वाढू द्यायचा, मुलगा असेल तर थांबवायचा, असा मार्ग निघाला. १९६० मध्ये त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये हा अनुभव नोंदवला. थांबवलेल्या गर्भांपैकी कोणता निरोगी होता हे तेव्हा सांगता येत नव्हते. शक्यता अर्धीअर्धी होती.

भारतीय वाचकाने इथे थोडे थांबावे. गर्भजल पाहून लिंगाच्या आधारे गर्भपात करण्याचा वैद्यकातला पहिला नोंदलेला अध्याय मुलगे नाकारण्याचा आहे. आणि हेही खरे की लिंगनिदान हा या तंत्राचा मागाहून निघालेला गैरवापर नव्हता. तो त्याचा पहिला वापर होता. गुणसूत्रांचे निदान त्यानंतर दहा वर्षांनी आले.

*

गुणसूत्रांच्या आजाराची गोष्ट मात्र वेगळ्या टोकाकडून येते. १८६६ मध्ये इंग्रज डॉक्टर जॉन लँग्डन डाउन यांनी मतिमंद मुलांचे 'वांशिक' वर्गीकरण करणारा निबंध लिहिला. विशिष्ट चेहरेपट्टीच्या काही मुलांना त्यांनी 'मंगोल' म्हटले. युरोपीय आईबापांच्या पोटी जणू दुसऱ्या, खालच्या वंशाचे मूल आले, असा त्या शब्दाचा अर्थ होता. हा शब्द जवळजवळ शंभर वर्षे वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत राहिला. १९६१ मध्ये १९ तज्ज्ञांनी 'लॅन्सेट'ला पत्र लिहून तो सोडण्याची विनंती केली. सह्या करणाऱ्यांत डाउन यांच्याच घराण्यातील एक डॉक्टर होते. १९६५ मध्ये मंगोलियाच्या विनंतीनंतर जागतिक आरोग्य संघटनेनेही तो टाकून दिला. शब्द मागे घ्यायला एका राष्ट्राला सांगावे लागले. ज्या मुलांना तो लावला जात होता, त्यांना कोणी विचारल्याची नोंद नाही.

कारणाचा शोध हळूहळू लागत गेला. लायनेल पेनरोज यांनी १९३३ मध्ये दाखवले की या मुलांच्या जन्माशी आईच्या वयाचा संबंध आहे, बापाच्या वयाचा नाही. मूळ गुणसूत्रांत असावे अशी शंका डच डॉक्टर वार्डेनबर्ग यांनी १९३२ मध्येच व्यक्त केली होती. ती सिद्ध झाली १९५९ च्या जानेवारीत, पॅरिसमध्ये : या मुलांच्या पेशींत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे होती, एकविसावे गुणसूत्र दोनऐवजी तीन.

हा शोध दीर्घकाळ जेरोम लेज्यून या एकाच नावाने ओळखला गेला. पेशी वाढवण्याचे तंत्र मात्र मार्थ गोतिए या डॉक्टर स्त्रीने अमेरिकेत शिकून पॅरिसच्या रुग्णालयात उभे केले होते, अपुऱ्या साधनांत, प्रसंगी स्वतःचे रक्त वापरून. तिच्या काचपट्ट्या छायाचित्रांसाठी लेज्यून घेऊन गेले. निबंधावर लेज्यून यांचे नाव पहिले आले, तिचे दुसरे, आणि तेही चुकीचे छापलेले. पन्नास वर्षांनी, २००९ मध्ये, तिने आपली हकीकत लिहिली. २०१४ मध्ये फ्रान्सच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या नीतिसमितीने तिचा वाटा निर्णायक असल्याचे मान्य केले. २०२२ मध्ये ती वारली. मुलींची मोजदाद कुठे कुठे चुकते याचा हा एक वेगळा दाखला.

आता या लेखाच्या गाभ्याकडे येऊ. डाउन सिंड्रोमची सुमारे ९५ टक्के प्रकरणे आनुवंशिक नसतात. बीजांड किंवा शुक्रपेशी तयार होताना गुणसूत्रांची विभागणी चुकते, इतकेच. पण तीन-चार टक्के मुलांत प्रकार निराळा असतो. १९६० मध्ये लंडनमध्ये पोलानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना डाउनची सगळी लक्षणे असलेली एक मुलगी आढळली, आणि तिची गुणसूत्रे मात्र बरोबर ४६ भरली. तिसरे एकविसावे गुणसूत्र होते, पण ते दुसऱ्या एका गुणसूत्राला चिकटून बसले होते.

ग्रंथांची उपमा इथे चालण्यासारखी आहे. ४६ खंडांचा एक संच आहे, २३ खंडांच्या प्रत्येकी दोन प्रती. कोणीतरी चौदाव्या खंडाची एक प्रत आणि एकविसाव्याची एक प्रत एकाच पुठ्ठ्यात बांधली. आता खंड मोजले तर ४५ भरतात, पण मजकूर सगळा शाबूत आहे. बांधणीत गळालेली थोडी पाने इतर खंडांतही आहेत, म्हणून त्यांची उणीव भासत नाही. असा संच असलेली व्यक्ती पूर्ण निरोगी असते. अडचण येते ती संचाची अर्धी वाटणी अपत्याला देताना. जोडखंडही गेला आणि सुटा एकविसावाही गेला, तर जोडीदाराकडून आलेला धरून एकविसाव्याच्या तीन प्रती होतात. अशा जोडणीला रॉबर्टसन यांचे नाव आहे. त्यांनी ती १९१६ मध्ये नाकतोड्यांच्या जातीच्या कीटकांत पाहिली होती.

वाहक व्यक्तीला आपल्यात काही वेगळे आहे याची कल्पना नसते. कळते ते डाउनचे मूल जन्मल्यावर किंवा वारंवार गर्भ पडल्यावर. चौदा-एकविसाची जोडणी आईत असेल तर प्रत्येक खेपेस डाउनचे मूल होण्याची शक्यता प्रत्यक्षात १० ते १५ टक्के असते. बापात असेल तर ती एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. एकविसावी दोन्ही गुणसूत्रे एकमेकांना जोडलेली असतील तर जन्मणारे प्रत्येक मूल डाउनचे असते. हे आकडे कोरडे दिसतात, पण घरात ते कोरडे राहत नाहीत. ती जोडणी कोणाकडून आली हा प्रश्न वैद्यकात निरुपद्रवी आहे, आणि आपल्या घरांत तो तसा कधीच नसतो. सून वाहक निघाली तर माहेरच्या रक्ताचा उद्धार होतो. मुलगा वाहक निघाला तर अहवाल कपाटात जातो. वाहकाच्या भावंडांनाही ही तपासणी सुचवावी लागते, म्हणजे एका बाईच्या रक्ताचा कागद तिच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या बैठकीपर्यंत जाऊन पोचू शकतो.

म्हणूनच जन्मापूर्वी गुणसूत्रे वाचण्याची खरी निकड पहिल्यांदा जाणवली ती या घराण्यांत. १९६६ मध्ये अमेरिकेत स्टील आणि ब्रेग यांनी गर्भजलातील पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांची गुणसूत्रे पाहता येतात हे दाखवले. १९६७ मध्ये जेकबसन आणि बार्टर यांनी गर्भातील गुणसूत्रबदल ओळखला. १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात कार्लो व्हॅलेन्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच जोडणीची वाहक असलेल्या एका स्त्रीच्या गर्भात डाउन सिंड्रोमचे निदान केले. गर्भ थांबवण्यात आला आणि निदान खरे ठरले. तेव्हा गुणसूत्रांवरचे पट्टे रंगवण्याचे तंत्र रूढ व्हायचे होते. चौदावे कोणते आणि पंधरावे कोणते हे खात्रीने सांगता येत नसे. आकारावरून केलेल्या 'डी' आणि 'जी' या गटांतील गुणसूत्रे जोडली गेली आहेत, एवढेच त्या निबंधाला सांगता आले.

पद्धत अशी : सोळाव्या आठवड्याच्या सुमारास पोटातून सुई घालून थोडे गर्भजल काढायचे, त्यातल्या पेशी दोन-तीन आठवडे वाढवायच्या, विभाजनाच्या क्षणी त्यांना थांबवून छायाचित्र घ्यायचे, त्यातले एकेक गुणसूत्र कात्रीने कापून आकाराप्रमाणे जोड्या लावून कागदावर चिकटवायचे. पहिली जोडी वरच्या ओळीत डावीकडे, एकविसावी आणि बाविसावी खालच्या ओळीत. आणि शेवटी, उजव्या कोपऱ्यात, एक्स-एक्स किंवा एक्स-वाय.

हा कागद डोळ्यांसमोर ठेवावा. एकविसावी जोडी पाहण्यासाठी ज्याने तो तयार केला, त्याला शेवटची जोडी दिसतेच. ती न दिसण्याची सोय त्या कागदात नाही.

लेज्यून यांना या वळणाने दुखावले. उपचार सापडावा म्हणून आपण कारण शोधले, आणि ते निदान गर्भपातासाठी वापरले जात आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९६९ मध्ये अमेरिकेत मोठा सन्मान स्वीकारतानाच त्यांनी या प्रघातावर उघड टीका केली. त्यांची भूमिका त्यांच्या कॅथलिक श्रद्धेशी बांधलेली होती आणि ती सर्वांना मान्य होण्याजोगी नाही. पण शोध लावणाऱ्याने त्याच्या पहिल्याच वापराला विरोध केला ही गोष्ट विसरण्याजोगीही नाही.

*

भारतात हे तंत्र आले सत्तरच्या दशकाच्या मध्यावर. १९७१ चा गर्भपातविषयक कायदा नुकताच झाला होता. त्यात गर्भात गंभीर व्यंग असण्याची शक्यता हे गर्भपाताचे एक वैध कारण होते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत जन्मजात दोषांच्या निदानासाठी गर्भजल परीक्षा सुरू झाली. अभ्यासात सामील झालेल्या स्त्रियांपैकी अनेकींनी मुलगी असल्याचे कळताच गर्भपाताची मागणी केली, आणि हे संशोधकांनीच नोंदवले. त्या दशकाच्या अखेरीस सरकारी रुग्णालयांत लिंगनिदानासाठी ही तपासणी करण्यावर बंदी आली. खासगी क्षेत्राला ती लागू नव्हती. १९७९ मध्ये अमृतसरमध्ये एका खासगी दवाखान्याने उघड जाहिरात करून ही सेवा सुरू केली. आज पाचशे रुपये खर्चा, पुढे हुंड्याचे पन्नास हजार वाचवा, अशा आशयाच्या जाहिराती याच काळातल्या.

यावर गंभीर वाद झाला तो १९८३ मध्ये, 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'च्या पानांवर. अर्थतज्ज्ञ धर्मा कुमार यांनी प्रश्न मांडला की मुलींची संख्या घटली तर त्यांचे मोल वाढणार नाही का? जन्मानंतरच्या उपेक्षेने मरण्यापेक्षा जन्म न होणे बरे नाही का? मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी त्याला उत्तर दिले : माणसांची किंमत बाजारातल्या मालासारखी ठरत नाही. स्त्रिया कमी झाल्या की त्यांच्यावरची बंधने आणि हिंसा वाढते. पुढच्या दोन-तीन दशकांत वधूंची दुरून खरेदी होऊ लागली तेव्हा कोणाचे अनुमान खरे ठरले हे वेगळे सांगावे लागले नाही.

महाराष्ट्राचा भाग इथून सुरू होतो. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मुंबईत स्त्री-संघटना, डॉक्टर आणि लोकविज्ञान चळवळीतील कार्यकर्ते यांनी एकत्र येऊन लिंगनिदानविरोधी मंच स्थापन केला. विभूती पटेल, रवींद्र रु. पं. यांच्यासारखे कार्यकर्ते त्यात होते. डॉ. संजीव कुलकर्णी यांनी १९८६ मध्ये मुंबईतील ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली. त्यांपैकी ४२ जण लिंगनिदानासाठी गर्भजल परीक्षा करत होते. मृणाल गोरे यांनी विधिमंडळात हा प्रश्न लावून धरला. १९८८ मध्ये महाराष्ट्राने जन्मपूर्व निदानतंत्रांवर नियंत्रण आणणारा कायदा केला. देशातला तो पहिलाच. त्याच्या पाठोपाठ १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला.

या कायद्यांची रचना वाचण्यासारखी आहे. त्यांनी तंत्रावर बंदी घातली नाही, वाचनाची विभागणी केली. गुणसूत्रांतील विकृती, चयापचयाचे आनुवंशिक आजार, रक्ताचे आनुवंशिक विकार, लिंगाशी निगडित आजार आणि जन्मजात व्यंगे एवढ्यांसाठी तपासणीला परवानगी. गर्भवतीचे वय ३५ च्या वर असणे, दोन किंवा अधिक गर्भपात आपोआप झालेले असणे, कुटुंबात मतिमंदत्व किंवा शारीरिक व्यंग असणे यांसारख्या अटींपैकी एक पूर्ण व्हायला हवी. लिंग सांगणे मात्र गुन्हा : शब्दाने, खुणेने, कोणत्याही रीतीने. म्हणजे त्या कागदावरची एकविसावी जोडी वाचायची आणि कोपऱ्यातली शेवटची जोडी पाहूनही बोलायची नाही. आज भारतातील प्रयोगशाळांच्या अशा अहवालांत लिंगगुणसूत्रे झाकलेली असतात. जगभर पूर्ण छापला जाणारा तो तक्ता आपल्याकडे एका कोपऱ्यात कोरा राहतो. तो कोरा कोपरा हा आपल्या सामाजिक इतिहासाचा दस्तऐवजच आहे.

कायद्याने सुईला आवर घातला तोवर सुईची गरजच संपत आली होती. सोनोग्राफी स्वस्त झाली, गावोगाव पोचली, आणि लिंग सांगायला पेशी वाढवण्याची आवश्यकता उरली नाही. कायदा कागदावरच राहतो आहे हे पाहून २००० मध्ये मुंबईची 'सेहत', पुण्याची 'मासूम' आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. २००३ मध्ये दुरुस्त कायदा लागू झाला आणि त्यात गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही आली. तरीही शून्य ते सहा वयोगटातील दर हजार मुलग्यांमागे मुलींची महाराष्ट्रातील संख्या १९९१ मध्ये ९४६ होती, ती २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाली. पहिला कायदा करणाऱ्या राज्याचे हे आकडे आहेत. 'गर्भजल परीक्षा' हा शब्द याच वर्षांत बोलण्यातून मागे पडला. त्याची जागा 'सोनोग्राफी'ने घेतली आणि अर्थाची ती जुनी सावली तिच्यावर पडली.

*

चळवळीच्या भाषेकडेही थोडे चिकित्सकपणे पाहायला हवे. तिने समाजाला दिलेला सर्वांत प्रभावी शब्द 'स्त्रीभ्रूणहत्या'. भ्रूणहत्या हे धर्मशास्त्रातले महापातक. तो शब्द ऐकताच श्रोता हलतो. पण गर्भपात ही 'हत्या' असेल, तर स्त्रीच्या गर्भपाताच्या हक्काचे काय? चळवळीतील स्त्रियांनाच हा पेच लवकर जाणवला, आणि 'लिंगनिदान', 'लिंगनिवड' असे शब्द त्यांनी जाणीवपूर्वक वापरायला घेतले. ते अचूक होते, पण घोषणेत बसत नव्हते. भिंतींवर 'हत्या'च राहिली, आणि कायदेशीर गर्भपातासाठी येणारी बाईही संशयाच्या नजरेने पाहिली जाऊ लागली.

दुसरा पेच याहून खोल आहे. मुलगी हा दोष नव्हे, असे चळवळीने ठणकावून सांगितले. पण त्या वाक्याच्या आत एक गृहीत दडले होते, की 'खरे' दोष असतात आणि त्यांच्यासाठी निवड करणे रास्त आहे. कायद्याने ते गृहीत यादी करून मान्य केले. अपंगांच्या चळवळीतून आणि अनिता घई यांच्यासारख्या अभ्यासक स्त्रियांकडून विचारले गेले, की रेषा नेमकी कुठे ओढायची? लिंगाच्या आधारे निवड हा अन्याय आहे, कारण तो स्त्रीच्या जगण्याला कमी लेखतो. मग एकविसाव्या गुणसूत्राच्या आधारे केलेली निवड डाउनच्या माणसाच्या जगण्याला काय लेखते? मुलींच्या बाबतीत आपण म्हणालो की दोष मुलीत नाही, हुंडा मागणाऱ्या समाजात आहे. अपंग मुलाच्या बाबतीत शाळेचे दार बंद करणाऱ्या समाजाबद्दल आपण तितक्या मोठ्याने बोललो नाही.

मला या प्रश्नाचे सोपे उत्तर माहीत नाही. दोन्ही निवडी सारख्याच आहेत असे मी म्हणणार नाही. लिंगनिवडीत ओझे समाजाने रचलेले आहे आणि ते संपूर्ण काढता येते. गंभीर आजारात काही वेदना समाज कितीही सुधारला तरी उरतात. शिवाय ज्या आईला एक मूल अहोरात्र सांभाळावे लागते, आणि आपल्यानंतर त्याचे कोण करणार या विचाराने झोप येत नाही, तिला बाहेरून तत्त्वज्ञान शिकवण्याचा अधिकार कोणाला आहे? जोडगुणसूत्राच्या वाहक स्त्रीला तर या तपासणीमुळेच पुन्हा मूल होऊ देण्याचे धैर्य येते. दहापैकी आठ-नऊ वेळा उत्तर दिलासा देणारेच असते. ही तपासणी नसती तर कित्येकींनी भीतीपोटी पुढचे मूल होऊच दिले नसते. गर्भपाताच्या वादात ही बाजू नेहमी झाकोळते.

हे ओझे किती एकाकी असते हे न्यायालयांच्या दारांतही दिसले. १९७१ च्या कायद्याची २० आठवड्यांची मर्यादा आणि गुणसूत्रांच्या अहवालाला लागणारा वेळ यांचे गणित जुळत नसे. २००८ मध्ये गर्भातील हृदयविकारासाठी मुंबई उच्च न्यायालयात गेलेल्या एका दांपत्याची मागणी फेटाळली गेली. २०१७ मध्ये डाउन सिंड्रोमचे निदान २६ व्या आठवड्याच्या सुमारास हाती असलेल्या महाराष्ट्रातील एका गर्भवतीला सर्वोच्च न्यायालयाने परवानगी नाकारली. २०२१ च्या दुरुस्तीने काही स्त्रियांसाठी मर्यादा २४ आठवड्यांवर नेली, आणि वैद्यकीय मंडळाला गर्भात गंभीर विकृती आढळल्यास मर्यादाच काढली. 'गंभीर' कशाला म्हणायचे हे आता त्या मंडळाने ठरवायचे. पुन्हा एक शब्द, आणि त्याच्या अर्थावर टांगलेले एक घर.

*

शेवटी पुन्हा तारखांकडे. १९५६ मध्ये गर्भजलातून पहिल्यांदा वाचले गेले ते लिंग. १९७५ मध्ये चीनमधील आनशान येथील रुग्णालयाने वारेच्या पेशी काढून निदान करण्याचा प्रयोग नोंदवला, तोही लिंगनिदानाचा. १०० गर्भवतींपैकी ३० जणींनी गर्भपात केला, त्यांपैकी २९ गर्भ मुलींचे होते. १९९७ मध्ये डेनिस लो यांनी आईच्या रक्तातच गर्भाचा डीएनए तरंगत असतो हे सिद्ध केले. पोटी मुलगा असलेल्या आयांच्या रक्तात वाय गुणसूत्राचा अंश शोधून त्यांनी ते दाखवले. त्यावर आधारलेली, सुईविना होणारी डाउनची तपासणी २०११ पासून वापरात आली आणि भारतातही ती उपलब्ध आहे.

तीन देश, तीन तंत्रे, आणि प्रत्येक वेळी आधी लिंगच वाचले गेले. यामागे दर वेळी दुष्ट हेतू होता असे नाही. गर्भाला आईपासून वेगळे ओळखण्याची सर्वांत सोपी खूण वाय गुणसूत्र हीच आहे, एवढे ते साधे आहे. पण या साध्या तांत्रिक सोयीचा अर्थ ज्या त्या समाजाने आपापल्या पूर्वग्रहांनुसार लावला. कोपनहेगनमध्ये तो हिमोफिलिया झाला, आनशानमध्ये आणि अमृतसरमध्ये मुलगी. त्याच डेन्मार्कमध्ये २००४ पासून प्रत्येक गर्भवतीला डाउनची चाळणी-तपासणी देऊ केली जाते, आणि तिथे जन्मणाऱ्या डाउनच्या मुलांची संख्या झपाट्याने घटली. कोणी सक्ती केली नाही. प्रत्येक निर्णय स्वतंत्र होता, आणि सगळे मिळून जणू एकच निर्णय झाला.

'परीक्षा' या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. एक पारखून पाहणे, दुसरा उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण ठरवणे. गर्भजल परीक्षेचा शोध पहिल्या अर्थाने लागला असे आपण मानतो, आणि ती दुसऱ्या अर्थाने घेतली गेली. प्रयोगशाळेने तो कोपरा झाकून एका विषयाची परीक्षा आपल्याकडे रद्द केली आहे. बाकीच्या विषयांत उत्तीर्ण होण्याचे गुण किती, आणि ते ठरवताना परीक्षार्थीच्या बाजूने कोण बोलणार, याची चर्चा मराठीत अजून पुरेशी झालेली नाही. ती डॉक्टरांवर आणि न्यायाधीशांवर सोडून चालणार नाही. शब्द नीट वापरायला शिकवणे हे ज्यांचे काम आहे, त्यांचाही तिच्यात वाटा आहे.